क्युरासाओ ते पनामा जानेवारीत: वारा पाठीवर असला की खरंच सोपं असतं का?

नवखी_खलाशी:
मंडळी, ४० फुटी शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून जायचा चान्स आलाय. क्युरासाओ ते कोलोन, साधारण ७०० नॉटिकल मैल, पाच दिवस धरलेत, जानेवारीचा शेवटचा आठवडा. कॅप्टन म्हणतात व्यापारी वारे सगळे पाठीमागून, नुसतं बसून राहायचं. मी आजवर किनाऱ्याकिनाऱ्यानेच फिरलेय, रात्रीची एकदाच. कोलंबियाच्या किनाऱ्याबद्दल जे वाचलं त्याने झोप उडालीय. घाबरट आहे का मी?

खारा_शेंगदाणा:
घाबरट कसली, शहाणी आहेस. दोनदा गेलोय हा पट्टा, दोन्ही वेळा फेब्रुवारीत, आणि तिसऱ्यांदा त्या महिन्यात जाणार नाही. होतं काय, हिवाळ्यात अटलांटिकवर हाय प्रेशर तगडं, खाली कोलंबियाच्या जमिनीवर लो, त्यामुळे वारा आधीच जोरात, त्यात सिएरा नेवादा दे सांता मार्ता हा ५,७०० मीटरचा पहाड जवळजवळ समुद्रातूनच उठलाय, त्याच्या कडेने वारा दाबून निघतो. अंदाजात २५ नॉट दिसले की मी मनात ३५ धरतो, रात्री तर नक्कीच. लाटा तीनचार मीटर आणि जवळजवळ.

आणि वारा पाठीवर म्हणजे बोट पाच दिवस डावी-उजवी, डावी-उजवी. कपाटातल्या कपांची किणकिण थांबवायला मी माझे सगळे मोजे कपांमध्ये कोंबले होते, पुढे अनवाणी 😄

खरी भीती बूमची, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची. सुकाणू जरा चुकलं की बूम फाडकन दुसऱ्या बाजूला, मध्ये डोकं आलं तर संपलं. म्हणून बूम जागेवर धरून ठेवायला प्रिव्हेंटरचा दोर बांधतात. तिसऱ्या रात्री सहज टॉर्च मारला तर घासून दोराचं वरचं कवच सोलून कापसासारखं झालेलं, आतला गाभाच काय तो धरून होता. तेव्हापासून दर वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) दोर हाताने चाचपतो. शीडही अंधार पडायच्या आत कमी करायचं, वारा कितीही गरीब दिसला तरी.

दर्यावेडी_ताई:
दादा घाबरवतायत जरा 😀 एका दमात जायची सक्ती आहे का? आम्ही तुकडे केले होते. अरुबा, काबो दे ला वेला, मग सांता मार्ता. कोलंबियात शिरायला एजंट लागतो, कटकट आहे, पण झोप मिळते. फक्त बारांकियाजवळ मॅग्दालेना नदीचं मुख दिवसाच पार करा. पाणी अचानक चहासारखं होतं, ओंडके तरंगत येतात आणि नदीचा लोंढा समोरच्या लाटांवर आदळून पाणी उभंच राहतं.

खारा_शेंगदाणा:
ताई, तुकडे मान्य, पण सांता मार्ताच्या अलीकडच्या त्या पाच खाड्यांत रात्री डोंगरावरून वारा जो खाली कोसळतो, तिथे नांगरावर कसली झोप! त्यापेक्षा मी किनारा सोडून बाहेरूनच जाईन.

दर्यावेडी_ताई:
हो, ते खरंय. एक रात्र आळीपाळीने जागलो होतो तिथे 🙈

नवखी_खलाशी:
बापरे. मग कॅप्टनना नेमकं विचारू काय?

दर्यावेडी_ताई:
प्रिव्हेंटर कसा बांधता, दाखवा म्हण. आणि अंदाज वाईट निघाला तर क्युरासाओलाच किती दिवस थांबायची तयारी आहे? ह्या दुसऱ्याचं उत्तर नीट ऐक. नोव्हेंबर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला निघाले असते तर हा प्रश्नच आला नसता, वारा तेव्हा बराच नरम असतो.

नवखी_खलाशी:
विचारलं. प्रिव्हेंटर लगेच दाखवला, नवा कोरा दोर आहे. पण पनामा कालवा पार करायची तारीख घेऊन ठेवलीय म्हणे, थांबणं जमणार नाही. मी नाही म्हणून कळवलं आत्ताच. हात थरथरत होते मेसेज टाईप करताना. पुढच्या नोव्हेंबरला दुसरी एक बोट निघतेय, तिथे विचारून बघते.

खारा_शेंगदाणा:
मोजे मात्र दोन डझन घे.