मदत हवी आहे: पायथॉनमध्ये १२ आणि ८ ची बेरीज १२८ येतेय

कळमनुरीकर
दोन दिवस झाले, एकाच जागी अडकलोय. दोन आकडे घ्यायचे आणि बेरीज दाखवायची, एवढंच काम. १२ आणि ८ टाकले की १२८ येतंय. व्हिडिओत बघून अक्षर न् अक्षर तसंच लिहिलंय, तिथं २० येतंय. लवकर सांगा, उद्या आडतीवर जायचंय.

नांदेडकर
कोड टाका की. न बघता काय सांगणार? मोबाईल आहे का लॅपटॉप?

लातूर_पॅटर्न
पायथॉनपासून सुरुवात केली तिथंच चुकलं. आधी सी शिका. मी सहा महिने सी घासलं, नंतर बाकीच्या भाषा सोप्या गेल्या. सीमध्ये व्हेरिएबल कोणत्या प्रकारचा ते आधीच सांगावं लागतं, मग असं होतच नाही.

सेलूची_लेक
दादा, सीमध्ये आकडा घ्यायच्या स्कॅनएफला अँडचं चिन्ह द्यायचं राहिलं की नवा माणूस दोन दिवस तिथंच अडकतो. माझंच झालंय तसं. त्यांनी जे धरलंय ते शिकू द्या.

जालना_८६
सेकंडहँड लॅपटॉप घ्या, ८ जीबी रॅमचा. मोबाईलवर शिकून काही होत नाही.

कळमनुरीकर
मोबाईलच आहे, पायथॉन चालवायचं पायड्रॉइड ॲप टाकलंय. लॅपटॉपचं मी विचारलं नाही. कोड तीनच ओळींचा: पहिल्या गाडीचं वजन इनपुटने घेतलं, दुसऱ्या गाडीचं इनपुटने घेतलं, मग दोन्हींमध्ये अधिक टाकून प्रिंट.

वसमतवाला
मराठी आकडे टाकत असाल, म्हणून होतंय. कीबोर्ड इंग्रजी करा.

नांदेडकर
वसमतवाला, तसं नाही. कोडमध्ये थेट मराठी आकडा लिहिला तर पायथॉन घेत नाही, पण कीबोर्डवरून दिलेला '१२' इंटमध्ये, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमध्ये, घातला की बाराच होतो. करून बघा.
कळमनुरीकर, इनपुटने आलेलं सगळं पायथॉन ३ मजकूर म्हणून धरतं. दोन मजकुरांमध्ये अधिक टाकलं की ते एकापुढे एक चिकटतात, म्हणून १२८. प्रत्येक इनपुट इंटच्या कंसात घाला. आणि एक सांगा, व्हिडिओत प्रिंटला कंस होता का?

कळमनुरीकर
नव्हता. तसं लिहिलं तर चूक दाखवायलं होतं, म्हणून कंस मी टाकला. ते सांगायचं राहिलं.

नांदेडकर
मग व्हिडिओ पायथॉन २ चा आहे. त्यात इनपुट स्वतःच आकडा ओळखायचं, म्हणून त्यांना २० आले. पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला. तो व्हिडिओ सोडा. कंस नसलेला प्रिंट दिसला की पुढे बघूच नका.

औंढ्याचा_शेतकरी
सोयाबीनचंच वजन ना? २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. तुमच्याकडं काय भाव निघतोय? ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की खरेदी केंद्रावर माल घेत नाहीत, वाळवून न्या.

कळमनुरीकर
इंट टाकलं, २० आले! पण खरी वजनं १२.४० आणि ८.६० आहेत, ती टाकली की लाल अक्षरं.

सेलूची_लेक
क्विंटलच्या पुढं किलो आहेत हे आधी सांगायचं ना भाऊ. इंटला टिंब चालत नाही, दोन्हीकडं इंटच्या जागी टिंब चालणारं फ्लोट करा.

लातूर_पॅटर्न
पैशाच्या हिशोबाला फ्लोट नको. ०.१ आणि ०.२ मिळवून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. दशांश अचूक धरणारं डेसिमल वापरा.

सेलूची_लेक
दोन गाड्यांच्या पट्टीला, म्हणजे हिशोबाच्या चिठ्ठीला, राऊंड करून दोन घरं ठेवली तरी पुरे. आज चालू झालं तर उद्या पुढचं शिकतील.

कळमनुरीकर
फ्लोट टाकलं, २१ क्विंटल आलं. ताई, नांदेडकर दादा, उपकार झाले. आडतीवाल्याच्या पट्टीशी जुळवायचं म्हणून हे शिकायलोय, मागच्या वेळी फरक पडला होता आणि मला दाखवता आला नाही. आता भावाची ओळ जोडली. त्यात ४,३५० टाकला की परत लाल. काय चुकलं?

नांदेडकर
स्वल्पविराम. फ्लोटला तो कळत नाही. ४३५० असं सरळ टाका, नाहीतर रिप्लेसने स्वल्पविराम काढा आणि मग फ्लोट करा. हमाली-तोलाई वजा करायची ओळ लिहिली की कोड इथं टाका, पण पूर्ण.