अन्ननलिकेत चौथ्या थरातली २२ मिमीची गाठ: दुर्बिणीतून निघेल का?

चोपडा_ओपीडी
नमस्कार मंडळी. रुग्ण ४६ वर्षांच्या बाई. भाकरीचा घास छातीत अडकतो, पाण्याच्या घोटाबरोबर उतरतो. वजन टिकून आहे. जळगावच्या एंडोस्कोपीत दातांपासून ३० सेंमीवर गुळगुळीत फुगवटा, वरचं अस्तर शाबूत. तुकडा घेतलेला नाही. नाशिकला एंडोस्कोपिक सोनोग्राफी झाली: २२ मिमी, एकसारखी काळपट, कडा रेखीव, उगम चौथ्या थरातून, म्हणजे भिंतीच्या स्नायूतून. सीटीत बाकी काही नाही. छाती उघडावी लागेल म्हणून घरचे घाबरलेत. दुसरा मार्ग आहे का? गावी परतल्यावर मी काय बघू?

तापीकाठ
डॉक्टर, तुकडा घेतला नाही हे उत्तम. अशा गाठीवर चिमट्याने वरवर घेतलेल्या तुकड्यात बहुतेक वेळा नुसतं अस्तरच येतं. खोल खणलं तर तिथे व्रण धरतो, अस्तर गाठीला चिकटतं आणि पुढे ते सोडवताना फाटतं.

वर्णन लायोमायोमाचं, म्हणजे स्नायूच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीचं वाटतं. त्रास नसता आणि गाठ २ सेंमीच्या आत असती तर नुसती नजर ठेवली असती. इथे घास अडकतोय, तेव्हा बोगदा पद्धत, म्हणजे ‘स्टर’, नक्की विचारा. अकलेशियात (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट उघडत नाही तो आजार) दुर्बिणीतून स्नायू कापतात, त्या ‘पोएम’वरूनच ती निघाली. गाठीच्या साधारण ५ सेंमी वर सलाइन आणि इंडिगो कार्मिनचा निळा रंग टोचून अस्तर उचलतात, २ सेंमी उभा छेद देतात आणि अस्तर व स्नायू यांच्या मधून बोगदा करत गाठीच्या १-२ सेंमी खालपर्यंत जातात. गाठ स्नायूपासून सोडवून अखंड बाहेर काढतात आणि छेद क्लिपांनी बंद करतात. स्नायूला भोक पडलं तरी वरचं अस्तर शाबूत राहतं. अन्ननलिकेला बाहेरून सेरोसाचं आवरण नाही, म्हणून हे अस्तरच खरं संरक्षण.

आडवी रुंदी ३५ मिमीपर्यंत जमतं. त्यापुढे बोगद्यात हत्यार फिरत नाही, गाठ अखंड निघत नाही. तुकडे करून काढणं मला पटत नाही. ती जिस्ट (कॅन्सरसारखी वागू शकणारी गाठ) निघाली तर आवरण फोडल्याची किंमत रुग्ण मोजतो.

भूल_अमळनेर
दोन गोष्टी पाठवण्याआधी विचारा: आत फुगवायला कार्बन डायऑक्साइड वापरतात का, आणि श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देतात का. साध्या हवेवर हे काम होऊ देऊ नका. वायू छातीत, पोटात, कातडीखाली शिरतोच. कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो, हवा रेंगाळते. मध्येच पोट टणक झालं, श्वासमार्गातला दाब चढला, तर काम थांबवून सुईने पोटातला वायू सोडावा लागतो.

नंतर गळ्याच्या कातडीवर बोट दाबल्यावर चरचर लागली, पण श्वास आणि ऑक्सिजन ठीक असेल, तर थांबून बघा. दम लागला, ताप आला, छातीत किंवा पाठीत कळ वाढली, तर घरी औषध देत बसू नका, लगेच परत पाठवा: छातीच्या पोकळीत हवा, बोगद्यात पू किंवा रक्तस्राव असू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच कळवा.

पहिले २४ तास तोंडाने काही नाही, मग पातळ, मग मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं. कळण्याची भाकरी आणि ठेचा दोन आठवडे तरी नको.

स्लाइड_धुळे
गाठ १० टक्के फॉर्मलिनमध्ये, गाठीच्या दसपट तरी द्रव घालून पाठवायला सांगा. साध्या रंगात लायोमायोमा आणि जिस्ट सारख्याच दिसू शकतात, म्हणून मार्कर, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं ओळखणारी तपासणी, मागाच. डेस्मिन आणि एसएमए पॉझिटिव्ह, सीडी११७ आणि डॉग१ निगेटिव्ह, तर लायोमायोमा. उलट आलं तर जिस्ट. मग पेशी किती विभागताहेत ते मोजायचं, पुढची तपासणी आणि गोळ्या त्यावर ठरतात.

पुढे कधी पिवळसर, दाढेसारखी दिसणारी, दुसऱ्या-तिसऱ्या थरातली गाठ आली तर ग्रॅन्युलर सेल ट्यूमर (बहुधा साधी असणारी वेगळी गाठ) मनात ठेवा. ती वरच असते, तिला बोगदा लागत नाही, ईएमआर किंवा ईएसडी, म्हणजे दुर्बिणीतून अस्तरासकट गाठ कापून काढणं, पुरतं. तिथे मात्र एक धोका आहे: वरचं अस्तर इतकं वाढतं की वरवरच्या तुकड्यात कॅन्सरचा भास होतो. एस१०० हा मार्कर लावल्याशिवाय तो रिपोर्ट मान्य करू नका.

चोपडा_ओपीडी
आभार. सीटीची सीडी आणि सोनोग्राफीचे फोटो सोबत देऊन पाठवतो. ३५ मिमीची मर्यादा गळ्याजवळच्या गाठीलाही लागू का?

तापीकाठ
तिथे आकाराआधी जागा अडते. छेद ५ सेंमी वर घ्यायला अन्ननलिकाच उरत नाही. अशी गाठ शस्त्रक्रियेच्या टीमला आधी दाखवा.