मासेमारीचं खाऱ्या पाण्यातलं रील खरखरतंय, हँडल उलटं जातंय. घरी उघडू का?

गळवाला_कराड
४००० साइजचं स्पिनिंग रील, २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी). वापर गुहागर-वेळणेश्वरच्या खडकांवर, अधूनमधून कोयनेच्या बॅकवॉटरला. तीन तक्रारी आहेत: लाइन रोलर (ज्यावरून दोरी वळते ते छोटं चाक) चिंचीं वाजतो, हँडल फिरवताना खरखर लागते, आणि मासा हिसका देतो तेव्हा हँडल मध्येच पाव-अर्धा फेरा उलटं जातं. घरी आल्यावर नळाखाली धुतो आणि गंज सोडवायचा फवारा मारतो. मागच्या महिन्यात साइड प्लेट (बाजूचं झाकण) उघडून सायकलचं ग्रीस भरलंय. पुण्या-मुंबईला पाठवायच्या आधी काय करून बघावं?

कृष्णाकाठ_सांगली
हँडल उलटं जातंय ते बहुतेक त्या ग्रीसमुळंच. रोटरखाली (हँडलसोबत स्पूलभोवती फिरणारा भाग) एक वन-वे क्लच असतो, एकाच दिशेनं फिरू देणारा. त्यातले बारीक दांड्यांसारखे रोलर पुढं फिरवताना मोकळे राहतात आणि मागं ढकललं की पाचरीसारखे अडकतात. त्यांच्या मागची स्प्रिंग केसासारखी नाजूक. चिकट ग्रीसमधून रोलर ढकलायची ताकद तिच्यात नसते, मग रोलर वेळेवर अडकत नाही. थंडीत ग्रीस घट्ट होतं तेव्हा हे जास्त जाणवतं.

स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) काढा, रोटरच्या नटावरची लॉक-प्लेट काढा, मग नट. तो कुठल्या बाजूला सुटतो हे मॉडेलप्रमाणं बदलतं, त्यामुळं जोर लावण्याआधी रीलसोबतची आकृती बघा. क्लचचा पिंजरा मात्र उकलायचा नाही, रोलर-स्प्रिंगा उडाल्या तर दिवस गेला. अख्खा क्लच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १० मिनिटं बुडवून हलवा, अल्कोहोल बदलून पुन्हा एकदा. पूर्ण वाळला की टाचणीच्या टोकावर मावेल एवढं पातळ तेल लावा. ग्रीस अजिबात नाही. मधली स्टीलची बाही पुसून कोरडीच बसवा.

आता खरखर. तुम्ही साइड प्लेट उघडली होती, म्हणून मिठाच्या आधी माझा संशय शिमवर आहे. मुख्य गिअरच्या टोकांना कागदासारखे पातळ वॉशर असतात. ते ग्रीसला चिकटून झाकणासोबत निघतात, किंवा फडक्यात जातात आणि कळतही नाही. एखादा हरवला किंवा या बाजूचा त्या बाजूला गेला की गिअर आणि पिनियनचे (त्याला जुळणाऱ्या छोट्या गिअरचे) दात नीट जुळत नाहीत. खाली पांढरा पंचा अंथरा, प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, भाग निघतील त्या क्रमानं अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा.

शिम जागेवर असतील तर जुनं ग्रीस पूर्ण काढून पाण्याला टिकणारं मरीन किंवा रीलचं ग्रीस ब्रशनं दातांवर लावा. थर पातळ हवा, दातांमधल्या खोबणी बुजल्या म्हणजे जास्त झालं. जास्तीचं ग्रीस फिरत फिरत पुन्हा क्लचकडंच जातं. आणि प्लास्टिक, रबराच्या सीलला पेट्रोल लावू नका राव, फुगतात.

घाटमाथा
धुण्याबद्दल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. कुंभार्ली घाट चढून कराडात येईपर्यंत ते वाळून खडे होतात, आणि हवेतला दमटपणा ओढून पुन्हा पाझरतात. म्हणून पहिलं धुणं किनाऱ्यावरच. दोन लिटरच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडा, पिण्याचं पाणी भरून न्या. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती जोरावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करायचा, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जात नाही, आणि झारीसारखं पाणी घालायचं. नळाची जोरदार धार मीठ आत ढकलते. बादलीत बुडवणंही नको. गरम पाण्यानं ग्रीस पातळ होतं.

मग झटकून पुसा, ड्रॅग पूर्ण सैल करा, सावलीत वाळवा. ठेवतानाही सैलच ठेवा, नाहीतर वॉशर दाबून चिकटतात आणि पुढच्या वेळी दोरी झटके देत सुटते. बोअरच्या पाण्यानं धुतलंत तर पांढरा थर धरतो.

गळवाला_कराड
शिम बघतो. पण फवारा का नको? मारला की लगेच मऊ फिरतं.

जिताडा_विटा
मऊ फिरतं कारण त्यातला द्रावक ग्रीस पातळ करतो. तो उडून गेला की मागं राहतं ते गिअरला पुरेसं वंगण नसतं. ड्रॅगच्या फेल्टच्या वॉशरवर उडाला तर ड्रॅगही बिघडतो.

लाइन रोलर चिंचीं करतोय म्हणजे त्याचं बेअरिंग कोरडं पडलंय किंवा गंजलंय. बेलच्या (दोरी स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कडीच्या) टोकाचा स्क्रू काढा, भागांचा क्रम आणि तोंड कुठल्या बाजूला ते बघून ठेवा, बेअरिंग अल्कोहोलमध्ये धुवा, वाळवून दोन थेंब रीलचं पातळ तेल. तरी बोटावर फिरवताना अडखळलं तर बदलायचंच. व्हर्नियरनं आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा, त्या मापाचं स्टेनलेस मागवा. मासेमारीच्या दर फेरीनंतर एक थेंब पुरतो. दाइवा कंपनीचं मॅगसील्ड रील असेल तर तिथं तेल घालू नका, आतलं चुंबकीय तेल बिघडतं. रोलर अडकलेला असताना वापरत राहिलात तर ब्रेड त्यावर खाच पाडते आणि पुढं तीच खाच ब्रेड कापते.

घाटमाथा
राहिलंच. ब्रेड मीठ धरून ठेवते. स्पूल काढून, आतले ड्रॅग वॉशर क्रमानं बाजूला ठेवून, ब्रेडसकट अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा. कोयनेत वापरलं म्हणजे धुतलं गेलं, असं धरू नका.

गळवाला_कराड
एक शिम झाकणाच्या ग्रीसमध्येच चिकटलेला सापडला. तो बसवून क्लच धुतला, आता उलटं जात नाही. रोलरचं बेअरिंग गंजलंय, मागवलंय. बॉडीचे स्क्रू तसेच आवळू का?

कृष्णाकाठ_सांगली
आटे पुसून त्यावर ग्रीसचं नुसतं बोट फिरवा. बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर खारं पाणी मिळाल्यावर स्टीलच्या स्क्रूभोवती तीच आधी खाल्ली जाते, पांढरी पूड धरते, आणि स्क्रू असा बसतो की पुढच्या वेळी डोकंच तुटतं. सगळे स्क्रू आधी हातानं बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. हँडल जड झालं तर तिथंच थांबून पुन्हा शिम बघा.