चिमटीच्या खाचेचे जुने खिशातले चाकू: खाच अस्सल की कानशीची? आणि पावसाळ्यातला गंज

खाडीकाठ (रत्नागिरी)

जुन्या मिटत्या चाकूंमध्ये एकाच जातीवर लक्ष द्यायचं ठरवलंय. मुठीच्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच असते आणि मिटलेलं पातं नखाने न उचलता अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून उघडता येतं, ते 'ईझी ओपन'. सध्या समोर तीन आहेत:

अ) एक पातं, हाडाची खवल्या-खवल्यांची तपकिरी मूठ, मिटलेला असताना ९ सेंमी. पात्याच्या बुडावरच्या (बिजागरीकडच्या टोकावरच्या) छापातलं 'शेफील्ड' (इंग्लंडमधलं चाकूंसाठी प्रसिद्ध शहर) एवढंच वाचता येतं. खाचेची कड पांढरी दिसते. विकणारा म्हणतो खाच मूळचीच आहे.

ब) पिवळट, कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली गुळगुळीत मूठ. खिळ्यांभोवती हिरवं साठलंय आणि मुठीलगतचं पातं बाकीच्यापेक्षा जास्त खाल्लंय.

क) मोठा चाकू. उघडतो, पण अर्ध्यावर अडकतो. मिटवला की धारेचा मधला भाग आत कशावर तरी आपटल्याचा आवाज येतो.

प्रश्न: अ ची खाच अस्सल आहे का, कसं ओळखायचं? जुलैत गंज काढावा की दिवाळीनंतर? आणि ठेवायचं कशात? इथे कपाटातली सुईसुद्धा गंजते.

जुनी_कानस

आधी एक गैरसमज काढू. याचा बटणाच्या चाकूशी काही संबंध नाही. बटणाच्या चाकूत पातं आपोआप उडतं. खाचेच्या चाकूत पाठीची साधी स्प्रिंग असते, पातं हातानेच उघडायचं असतं, फक्त पकडायला जागा दिलेली असते. बाजारात दोन्ही 'झटपट उघडणारा' म्हणूनच विकतात, तेव्हा फोटोवर विसंबू नका.

आता 'अ'. पांढऱ्या कडेवरून लगेच निकाल देऊ नका. हाड रंगवताना रंग फक्त वरच्या थरात उतरतो. कारखान्यात पॉलिश करताना कडा घासल्या जातात, त्यामुळे अस्सल चाकूच्या कडाही फिकट असतात. फरक पांढरेपणाच्या जातीत आहे. जुन्या कडेचा पांढरा म्हणजे साईसारखा, हाताच्या तेलाने पिवळसर झालेला, आणि हाडाच्या बारीक छिद्रांत काळा मळ बसलेला. खडूसारखा कोरा पांढरा आणि छिद्रं रिकामी असतील तर कानस अलीकडेच फिरली आहे.

दहा पट भिंग घ्या आणि पुढचं बघा:

– हाडाखालची पितळी पट्टी खाचेत कशी आहे? कारखान्यात फळी (मुठीवरचं हाड) आणि पट्टी एकत्रच घासली जाते, म्हणून दोघींची कड एका रेषेत, किंचित गोल. मागून पाडलेल्या खाचेत पट्टी धारदार, कडेला धातूची बारीक कुसळं आलेली, आडव्या कानशीचे चरे, आणि पितळेचा रंग उरलेल्या कडेपेक्षा उजळ.

– खाच दोन्ही बाजूंना आहे का? चिमटीला दोन बोटं लागतात. एकाच बाजूला खाच म्हणजे बहुतेक वेळा तुटलेल्या मुठीचा टवका घासून 'खाच' केलेली असते. 

– खाचेची जागा. ती मधोमध किंवा पात्याच्या टोकाच्या बाजूला असते, कारण बिजागरीपासून जितकं लांब धराल तितकी तरफ मोठी आणि बोटांना जोर कमी. बिजागरीला चिकटून असलेली खाच कामाचीच नाही, ती कोणत्या कारखान्याने कशाला पाडावी?

– आणि सगळ्यात बोलकी खूण: पातं उघडा, त्याचा गाल (सपाट बाजू) उजेडात तिरका धरा. चाकू वर्षानुवर्षं मिटलेला पडून राहतो. मुठीच्या आतला भाग झाकलेला आणि खाचेतला भाग उघडा, बोटांच्या घामाचा. त्यामुळे पात्याच्या गालावर खाचेच्याच आकाराचा काळपट अर्धचंद्र उमटतो. मिटवून बघा, सावली खाचेशी जुळली तर खाच जुनी. पातं पॉलिशच्या चाकावर चमकवलेलं असेल तर सावली गेलेली असते, तेव्हा ती नसणं हा पुरावा नव्हे.

'शेफील्ड' एवढ्यावरून काळ ठरवू नका. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं १८९१ पासून सक्तीचं झालं. म्हणून 'इंग्लंड' लिहिलेला चाकू बहुधा त्यानंतरचा, पण नुसतं 'शेफील्ड' असलेला त्याआधीचाच असं होत नाही, बाकीच्या बाजारांसाठीचा मालही असायचा. जर्मन मालावर देशाचं नाव दिसू लागलं ते ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतर. 'पश्चिम जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला. बुडावर 'स्टेनलेस' असेल तर १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली या धातुतज्ज्ञाने ते पोलाद केलं त्याच वर्षी.

जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या चाकू-कारखान्याचं नाव हिंदुस्थानात फार खपायचं, त्यामुळे नकलाही तेवढ्याच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जी च्या आधी डी हवा, आणि शेजारी चांदणी व माल्टीज क्रॉस. 'जी आर' (इंग्लंडच्या जॉर्ज राजाची आद्याक्षरं) बघून चौथ्या जॉर्जचा काळ, असं म्हणत उड्या मारू नका, पाचवा जॉर्जही १९१० पासून होताच.

'क' बद्दल: पात्याच्या बुडाखाली एक छोटा उंचवटा असतो. मिटताना तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार स्प्रिंगपासून अलगद राहते. पातं घासून घासून अरुंद झालं की टोक मुठीबाहेर डोकावायला लागतं. ते लपवायला कोणीतरी हा उंचवटा घासतो, पातं आत बसतं आणि धारेचं पोट स्प्रिंगवर आपटतं. धारेवर तिथे चपटा डाग असेल. तुमच्या चाकूचं हेच झालंय. यावर इलाज नाही, किंमत पाडून घ्यायचं एवढंच. अर्ध्यावर अडकणं मात्र दोष असेलच असं नाही. काही चाकूंचं बूड चौकोनी असतं, ते अर्ध्यावर मुद्दाम थांबतं. टक् असा स्वच्छ आवाज येऊन थांबत असेल तर घडणच तशी. खरखर करत, वाळू घातल्यासारखं अडकत असेल तर गंज.

स्प्रिंगची पाठही बघा: उघडं, अर्धं, मिटलेलं, या तिन्ही स्थितींत ती मुठीच्या कडेशी सपाट असावी.

पितळी_खिळा

गंज आताच काढा. दिवाळीपर्यंत थांबलात तर लाल गंज खोल खड्डे पाडेल. खाऱ्या हवेतलं मीठ पोलादावर बसतं, ओलावा ओढून घेतं, आणि वरून तेल लावलं तरी तेलाखाली काम चालू ठेवतं. म्हणून आधी मीठ काढायचं, मग तेल.

क्रम असा. कापसाच्या बोळ्याला डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं चालतं) लावून पातं आणि खाचेची आतली कड पुसा. बुडवायचं नाही. लगेच कोरड्या कापडाने टिपा, हेअर ड्रायरची कोमट हवा दोन मिनिटं. मग प्रत्येक बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. पातं सावकाश उघड-मीट करा, काळं तेल बाहेर येईल, पुसा. तेल स्वच्छ यायला लागेपर्यंत तीन-चार वेळा करावं लागतं.

जाम झालेली बिजागरी: बाटलीच्या झाकणात रॉकेल घेऊन चाकूचं फक्त धातूचं टोक, साधारण १ सेंमी, रात्रभर उभं ठेवा. हाडाला रॉकेल लागू देऊ नका, डाग जात नाहीत. पक्कड लावून पातं ओढू नका. नखखाचेची (नखाने पातं उचलायच्या खाचेची) कड तुटते किंवा जुनी स्प्रिंग मोडते, आणि मोडलेल्या स्प्रिंगसारखी स्प्रिंग कुठे मिळणार?

लाल ठिपक्यांना बांबूची सपाट केलेली काडी आणि तेल. नाहीच गेलं तर चार शून्यांची (0000, सगळ्यात बारीक) स्टील वूल, तेलातूनच, पात्याच्या लांबीच्या दिशेने, फक्त ठिपक्यावर. छापावर ती फिरवायची नाही. करडा-काळा थर काढूच नका. तो गंज नाही, जुन्या पोलादाची कातडी आहे, आणि वरचा अर्धचंद्राचा पुरावाही त्यातच आहे.

चिंच, कोकम, लिंबू तांब्या-पितळेच्या भांड्यांना ठीक. चाकूच्या बिजागरीत शिरलेलं आम्ल बाहेर काढता येत नाही.

ठेवायचं असं: घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा, १०० ग्रॅम सिलिका जेल, आणि आत छोटं आर्द्रतामापक. ४५ ते ५० टक्के पुरे. फार खाली नेलंत तर हाड आणि शिंग तडकतं. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांवर दोन तास भाजून परत निळं होतं, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. चाकू धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा. चामड्याची पिशवी नको, त्यातल्या आम्लाने पितळ हिरवं होतं. रबरबँड नको, वर्तमानपत्र नको, नव्या लाकडाची पेटीही नको.

खाडीकाठ (रत्नागिरी)

आभार दोघांचे. अंगठ्याने जोरात घासल्यावर 'ब' ला कापरासारखा वास आला. शिवाय सगळ्यांना गेल्या महिन्यात खोबरेल लावलंय, ते चूक का? आणि सांबरशिंगाच्या मुठीचा एक येतोय, घ्यावा का?

'अ' चा अर्धचंद्र डाव्या गालावर स्पष्ट दिसला, उजव्या गालावर नाही.

वेंगुर्लेकर_७

कापराचा वास म्हणजे सेल्युलॉइड. ब ला आजच बाकीच्यांपासून वेगळा करा. ते हळूहळू कुजतं आणि नत्राम्लाची वाफ सोडतं. तीच वाफ खिळ्यांभोवतीचं पितळ हिरवं करते आणि मुठीलगतचं पातं खाते. उष्ण-दमट हवेत हे वेगाने होतं, आणि बंद डब्यात वाफ कोंडून शेजारचे चाकूही जातात. म्हणून हा एकच चाकू हवा खेळती राहील अशा कागदी खोक्यात, सावलीत, इतरांपासून दूर. दर महिन्याला बघा: मूठ चिकट झाली, बारीक चौकटींसारखी तडकली किंवा वास आंबट झाला की उलटी गिनती सुरू. 'गरम सुई टोचून बघ' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं.

खोबरेल: कोकणात पहिला हात त्याच बाटलीकडे जातो, पण त्यातली मोकळी मेदाम्लं पितळाशी मिळून हिरवा मेणचट साबण करतात. शिवाय २४ अंशांखाली ते थिजतं, जानेवारीच्या पहाटे बिजागरी आवळते. मशीनच्या तेलाने वरच्याच पद्धतीने धुवून काढा. जवसाचं तेल तर वाळून सरसासारखं होतं.

सांबरशिंग सोडून द्या. शेफील्डमध्ये जाणारं शिंग पुष्कळदा आपल्याकडचंच असायचं, तरी आज त्याची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यात अडकते. हस्तिदंत आणि खऱ्या कासवाच्या पाठीचंही तेच. विकणारा 'जुनं आहे, चालतं' म्हणाला तरी कागद तुमच्याकडे मागतील. हाड, लाकूड यांच्या मुठीत हा ताप नाही. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरू शकते, म्हणून परदेशातल्या संग्राहकाशी अदलाबदल करायचा विचारही नको.

पात्याच्या लांबीची काळजी नको, शस्त्र नियमांतली मर्यादा ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदीची आहे, खिशातला चाकू जवळपासही जात नाही. पण जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असताना चाकू खिशात घेऊन फिरू नका. आणलेला माल गुंडाळून पिशवीच्या तळाशी, पावतीसकट. विमानात फक्त चेक-इन सामानात.

जुनी_कानस

उजव्या गालावर सावली नाही, याचे दोन अर्थ. भिंगातून उजवा गाल बघा. त्यावर सरळ, समांतर चकचकीत चरे असतील तर ती बाजू कोणीतरी घासली आहे, सावली त्यात गेली, खाच दोन्हीकडे मूळची असू शकते. पण उजवा गालही डाव्यासारखाच करडा असेल आणि फक्त अर्धचंद्र नसेल, तर उजवी खाच अलीकडची, किंवा ती फळीच बदललेली.

दुसऱ्या शक्यतेत उजव्या फळीचे खिळे डाव्यांशी ताडून बघा. एका बाजूचे खिळे चपटे आणि काळवंडलेले, दुसऱ्या बाजूचे फुगीर आणि चकचकीत असतील तर उजवी फळी बदललेली आहे. मग पितळी पट्टीची खाच काळी आणि हाडाची पांढरी अशी जोडी दिसेल, म्हणजे चाकू अस्सल, दुरुस्ती नवी. पट्टी आणि हाड दोन्ही उजळ असतील तर उजवी खाच नंतर पाडलेली. तसं निघालं तर साध्या एकपाती चाकूचा भाव द्या, खाचेचा नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

खिळे बघितले. डावे चपटे, उजवे फुगीर. पट्टीची खाच काळी.

जुनी_कानस

घ्या मग. नोंदवहीत 'उजवी फळी बदललेली' असं लिहा, आणि ती पांढरी कड चहाच्या पाण्याने रंगवून जुनी करू नका.