सकाळी टाच जमिनीला टेकवत नाही आणि जानेवारीत फुल मॅरेथॉन आहे

पोहेआणिपेस
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. मी ४३, कोथरूड, तीन वर्षं धावतेय, चार हाफ मॅरेथॉन झाल्यात, त्यातली एक सातारा हिल (यवतेश्वरचा घाट चढताना ज्या देवांची नावं घेतली त्यांना अजून नारळ द्यायचाय). यंदा डोक्यात काय शिरलं कोण जाणे, मुंबईची फुल भरली. बेचाळीस किलोमीटर म्हटल्यावर नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, पैसे परत मिळतात का.

तर तीन आठवडे झाले, उजवी टाच. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखी कळ येते, बाथरूमपर्यंत भिंत धरून जाते, मग दहा मिनिटांत जरा सैल होतं. ऑफिसमध्ये दोन तास बसून उठलं की परत तेच. धावताना पहिले दोन किमी दुखतं, नंतर कळतच नाही, म्हणून मी धावत राहिले. आता तुम्ही शिव्या घालणार, माहितीय.

शूजचं सांगते. जुने साधारण ९०० किमी झाले होते, तळवा एका बाजूने पार गुळगुळीत, म्हणून सप्टेंबरात नवे घेतले. दुकानातल्या मुलाने ट्रेडमिलवर पळवलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला, तुमचा पाय आत पडतो मॅडम म्हणाला आणि साडेतेरा हजारांचे शूज गळ्यात मारले. घालताना ढगावर चालल्यासारखं वाटलं हे खरं. त्याच सुमारास लाँग रन (रविवारची आठवड्यातली सगळ्यात लांब धाव) वाढवले, १६, २१, २६ आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी २८ किमी. बाकी मंगळवार गुरुवार लॉ कॉलेज रोडला आठ-आठ.

रिकव्हरी म्हणाल तर गरम पाण्याची बादली, त्यात मूठभर मीठ, आणि एक फोम रोलर आहे ज्याने माझा मुलगा हॉलमध्ये क्रिकेट खेळतो. बस.

प्रश्न असा की शूज बदलू का, की इन्सोल टाकू, आणि तुम्ही लोक रोजचं नक्की काय करता? फक्त "धावणं बंद कर" एवढं सांगू नका, ते सांगायला घरी सासूबाई आहेत.

तळजाईकाका
ताई, वय ६१, पुण्यात ८३ साली पहिली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होतो, स्वतः धावायला लागलो पंचेचाळिशीत, म्हणजे तुमच्यापेक्षा उशिरा. शूजचं नंतर बघू, आधी तुमचे आकडे बघा. १६, २१, २६, २८. चार लाँग रनमध्ये बारा किमीची उडी आणि अधेमधे एकही हलका रविवार नाही. माझ्या वहीत (हो, वही, घड्याळाचं ॲप मुलाने टाकून दिलंय पण मला वहीच बरी) दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला लाल पेनाने "कमी" असं लिहिलेलं असतं. श्वासाला सवय लवकर लागते, दोन-तीन महिन्यांत तुम्ही लांब पळू शकता, पण शिरा, स्नायूबंध, हाडं त्यांच्या गतीने चालतात, त्यांना घाई कळत नाही.

दुसरं, लाँग रन किती वेगाने करता? बहुतेकांचा तिथेच घोटाळा असतो. आमच्या ग्रुपात कसोटी एकच, धावता धावता तेराचा पाढा मोठ्याने, न अडखळता. तेरा साते एक्क्याण्णवला धाप लागली की पेस कमी करायचा. काहींना बसूनही येत नाही ती गोष्ट वेगळी.

चहाबाज
काकांशी सहमत, पण मी दुसरी बाजू सांगतो, खरेदीची. मागच्या तीन वर्षांत मी घेतलेल्या वस्तू: मसाज गन, पोटऱ्यांचे कॉम्प्रेशन स्लीव्ह, काटेरी बॉल, दोन प्रकारचे रोलर, मॅग्नेशियमचा स्प्रे, आणि बायकोपासून लपवून कार्बन प्लेटचे शूज (शर्यतीत वेगाने पळणाऱ्यांचे), जे घालून मी दहा किमी अठ्ठावन्न मिनिटांत धावतो, म्हणजे त्या शूजचाच अपमान. आज त्यातलं काय वापरात आहे? काटेरी बॉल. तोही टीव्ही बघताना. बाकी सगळं माळ्यावर.

उलट फुकटातलं सगळं टिकलं. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली फ्रीजरात टाकून ठेवायची आणि आल्यावर तळव्याखाली पाच-सात मिनिटं पुढेमागे फिरवायची, तेवढ्यापुरता आराम पडतो (बरं होतं असं नाही म्हणत). पावसात शूज भिजले की इन्सोल काढून पेपरचे बोळे कोंबायचे, तासाभराने बोळे बदलायचे, उन्हात किंवा गीझरवर वाळवायचे नाहीत, फोम आणि गोंद दोन्हींची वाट लागते. लाँग रनच्या आधी काखेत, मांड्यांना आणि जिथे जिथे घासतं तिथे कैलास जीवन. लोक परदेशी स्टिक मागवतात, आपल्याकडे डबी घरात असते. अंघोळीला पाणी अंगावर पडल्यावर किंकाळी आली नाही म्हणजे बरोबर लावलं.

आणि एक सीरियसली. ठणका लागतोय म्हणून लाँग रनच्या आधी पेनकिलर घेऊ नका. मी एकदा २५च्या आधी ब्रुफेन घेतली होती, दिवसभर नीट लघवीला झालं नाही, डॉक्टरांनी चांगला झापला. घाम गाळून शरीर कोरडं पडतं, त्यात या गोळ्या, किडनीवर लोड येतो.

आणि झोप. रील बघत साडेबारा आणि साडेचारचा अलार्म, याला कुठलाच रोलर पुरत नाही.

वेताळची_वाट
डांबर आणि काँक्रीट सोडा ताई. एआरएआय संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढायचं, खाणीला वळसा, पलीकडे हनुमान टेकडीकडे उतरायचं. माती आहे, झाडं आहेत, सकाळी मोर दिसतात. माझे गुडघे टेकडीने वाचवले. लॉ कॉलेज रोडला फुटपाथ, गाड्या, कुत्री, काय मजा आहे त्यात.

फिजिओ_हडपसर
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण इथे टाच न बघता लिहितोय हे लक्षात ठेवून वाचा.

पहिल्या पावलाला कळ, चालल्यावर सैल, बसून उठल्यावर परत, हे वर्णन प्लांटर फॅशियाचं आहे, म्हणजे टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा तळव्याखालचा जाड पट्टा. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडून राहतो आणि सकाळी पूर्ण वजन एकदम त्यावर पडतं. आधी एक करून बघा, टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबा. तशी दाबल्यावर जोरात दुखली, किंवा धावताना दुखणं कमी न होता वाढतच गेलं, किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकलं, तर हाडाच्या बारीक फ्रॅक्चरची शंका येते, मग धावणं लगेच थांबवायचं आणि ऑर्थोपेडिककडे जायचं.

ते नसेल तर, सकाळी पलंगावरच पाय मांडीवर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहा मोजा, असं दहा वेळा. त्याआधी पाय खाली टेकवायचाच नाही. दुसरा व्यायाम जिन्याच्या पायरीवर. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पायरीच्या कडेला ठेवा, बोटं त्यावर येतील असं चवड्यावर उभं राहा, टाच बाहेर अधांतरी, कठड्याला हात. तीन मोजत वर, दोन मोजेपर्यंत वरच, तीन मोजत खाली. बारा वेळा, तीन सेट, एक दिवस आड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमलं की एकाच पायावर. थोडं दुखेल. दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर जास्त झालं समजा. गुडघा ताठ ठेवून भिंतीला रेटायचं पोटरीचं स्ट्रेचिंग रोज करा, पोटरी आखडली की टाच ओढली जाते.

वेताळची_वाट, टेकडी मलाही आवडते, पण आत्ता नको. चढावर टाच टेकत नाही, सगळा भार पोटरी आणि या पट्ट्यावर येतो. बरं झाल्यावर जरूर.

आता दोन प्रश्न. नव्या शूजचा ड्रॉप किती आहे आणि जुन्यांचा किती होता? ड्रॉप म्हणजे टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. आणि घरात तुम्ही पायात काय घालता?

पोहेआणिपेस
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार.

टाच दाबली, बाजूने नाही दुखत, खालून आतल्या बाजूला एका ठिकाणी दुखते. ड्रॉप शोधला. जुने १०, नवे ४. हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, रंग बघत होते.

आणि घरात काय घालता म्हणजे काय, काहीच नाही. चपला दाराबाहेर, आमच्याकडे स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे काय होईल विचारू नका, देवघर तिथेच आहे. पण तुम्ही विचारलंत तेव्हा लख्ख आठवलं, ते २८ झाले त्या दिवशी अंघोळ करून मी थेट फराळाला उभी राहिले होते. दोन किलो भाजणीच्या चकल्या, एकामागून एक घाणे, संध्याकाळी शंकरपाळे, दुसऱ्या दिवशी करंज्या. दोन दिवस मिळून दहा-बारा तास तरी फरशीवर अनवाणी. आणि मी दोष शूजला देतेय.

फिजिओ_हडपसर
शूजचाही वाटा आहेच, १० वरून एकदम ४ म्हणजे पोटरीला आणि टाचेला रोज जास्तीचं काम. नवे टाकू नका, बाजूला ठेवा, बरं वाटल्यावर छोट्या रनला हळूहळू घाला. पण तुम्ही आठवड्यात फार तर सहा-सात तास धावता, फरशीवर त्याच्या कितीतरी पट उभ्या असता. घरासाठी वेगळी, बाहेर कधीच न नेलेली, मऊ पण टाचेला आधार असलेली स्लिपर घ्या. पातळ रबरी सपाट नको. पलंगाशेजारी ठेवा, पहिलं पाऊल त्यातच.

लाँग रन दोन आठवडे १४ ते १६ वर आणा, हरकत नसेल तर एक दिवस सायकल किंवा पोहणं. आणि स्पष्ट सांगतो, हे दुखणं कधीकधी काही महिने रेंगाळतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत अंदाज येईल, तेव्हा फुलचं ठरवा, आत्ता हट्ट नको.

शेंगदाणालाडू
पोहेताई, टाचेबद्दल सगळं आलंच आहे, मी बाईमाणूस म्हणून एक जोडते. गेल्या वर्षी माझे पाय सारखे जड, लाँग रननंतर दोन-दोन दिवस आडवी. हिमोग्लोबिन ठीक होतं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही, शेवटी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं तर तळाला. शाकाहारी, पाळी आणि वर धावणं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक सवय मोडायला लावली, जेवणावर लगेच चहा. चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आता तासभर थांबते आणि पालेभाजीवर लिंबू पिळते.

आणि धावून आल्यावर नुसते पोहे पुरत नाहीत हो, नावातच आहेत म्हणून सांगते. सोबत दोन अंडी, नाहीतर मोड आलेली मटकी, दही, काहीतरी प्रोटीन.

चहाबाज
चहाला मध्ये आणलंत, आता भांडण.

तळजाईकाका
चहाबाज, तुम्ही आधी कार्बन शूजचं प्रकरण घरी सांगा.
ताई, लॉ कॉलेज रोडला नेहमी एकाच कडेने धावता का? पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, एक पाय कायम खाली पडतो. जाताना-येताना बाजू बदलून बघा, अर्थात गाड्या बघून. आणि जानेवारीसाठी आत्ताच सांगून ठेवतो, पहाटे पाचला सीएसएमटीहून सुटताना छान वाटतं, पण पुण्याच्या कोरड्या थंडीतून गेलेल्या माणसाला तो दमटपणा तेवढ्यातही जाणवतो, आणि पेडर रोडचा चढ येतो तीस किमीनंतर, ऊन वर आल्यावर. नुसतं पाणी ढोसत राहू नका, ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवायचं, चव यावी म्हणून ग्लासभर पाण्यात नाही.

पोहेआणिपेस
पाच आठवड्यांनी अपडेट देतेय, उशिराबद्दल सॉरी.

स्लिपर आणल्या. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं पायांकडे बघितलं, ते बोलण्यापेक्षा जास्त होतं. मग तह झाला, देवघरासमोर काढायच्या, ओट्यापाशी चालतील. टॉवेलवाला व्यायाम एक दिवस आड चालूय, आता एका पायावर दहा होतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज विचारतात, लिफ्ट बंद आहे का.

सकाळची कळ गेली नाही पूर्ण, पण आधी दहापैकी आठ होती ती आता दोनवर आलीय, भिंत धरावी लागत नाही. १४, १६, १८, मग मुद्दाम १४, मागच्या रविवारी २०. जुन्याच मॉडेलचे शूज परत घेतले, तेच १० वाले, रंग भयंकर आहे. फुलचं अजून ठरवलं नाहीये, फिजिओदादा म्हणाले तसं पंधरा डिसेंबरनंतर बघू.

या रविवारी २२ आहे, पहाटे साडेपाच, पाषाण-सूस रस्ता, किमीला साडेसात मिनिटांच्या पेसने. कोणी येणार असेल तर सांगा, तेराचा पाढा पाठ करून या.

चहाबाज
येतो. नंतर चहा. जेवणाच्या तासभर आधी, नियमात बसतो.