थ्रॉटल सोडल्यावरची फटफट: मॅपला हात लावण्याआधी

बाइकचा थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, त्यावर 'फटफट येतेय म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, पेट्रोल वाढवा' असं दोघांनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. थ्रॉटल बंद केला की सिलिंडरमध्ये हवा इतकी कमी जाते की मिश्रण धड पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथे ताजी हवा मिळाली की भडकतं. म्हणून आधी ती हवा कुठून येते ते शोधा. माझ्या ६०० सीसी इनलाइन-फोरवर (एका ओळीत चार सिलिंडरची बाइक) स्लिप-ऑन, म्हणजे मूळ पाइपवर बसणारा वेगळा सायलेन्सर, बसवल्यावर मीही मॅपच, म्हणजे इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटरमधला तक्ता, बदलत बसलो होतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लीन दाखवायचा, मी पेट्रोल वाढवायचो, फटफट आणखी जोरात. शेवटी बेंड पाइपच्या (इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) जोडावर काजळीची बारीक रेघ दिसली. जोड घट्ट बंद ठेवणारं गॅस्केट गेलेलं होतं. गळती सेन्सरच्या आधीच असल्याने बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि आकडाच खोटा येत होता! नवं गॅस्केट टाकलं, मूळ मॅप परत घातला, आवाज जवळपास थांबला.

इंजिन थंड असतानाच चालू करून जोडांवर साबणाचं पाणी मारा, गळती असेल तर बुडबुडे येतात. तरीही थोडी फटफट उरलीच तर पेअर व्हॉल्व्ह बघा. तो एक्झॉस्ट पोर्टमध्ये, म्हणजे इंजिनमधून जळलेला वायू बाहेर पडण्याच्या वाटेत, मुद्दाम हवा सोडतो. तपासण्यापुरती त्याची नळी बंद करून एक चक्कर मारा, लगेच कळेल.