मदत हवी आहे: रोबोटिक्समध्ये पीएचडी, इथे की जर्मनीत?

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलमध्ये एमटेक झालंय, सध्या चाकणला ऑटोमेशनच्या कामात आहे. आमचा वेल्डिंग रोबोट शिकवलेल्या वाटेनेच हात फिरवतो. जॉब, म्हणजे वेल्ड करायचा भाग, जरा सरकला की सगळं बिनसतं. कॅमेरा आणि स्पर्शाच्या सेन्सरवरून त्याने स्वतःच जुळवून घ्यावं, यावर मला पीएचडी करायची आहे. सिम्युलेशनमध्ये झकास चालणारं रीइन्फोर्समेंट लर्निंग (यंत्राने चुकत-माकत स्वतः शिकण्याची पद्धत) खऱ्या यंत्रावर आलं की घर्षण, ढिले सांधे, सेन्सरच्या मापातला गोंधळ यांपुढे गडबडतं. खरी गोम तिथेच आहे, आणि मजाही.

आयआयटी मुंबईचा सिस्टिम्स अँड कंट्रोल विभाग आणि बंगळूरच्या आयआयएससीतलं रॉबर्ट बॉश सेंटर डोक्यात आहे. इथे जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. जर्मनीत पीएचडी म्हणजे बरेचदा विद्यापीठातली नोकरीच, टीव्ही-एल ई१३ या सरकारी वेतनश्रेणीचा ठरावीक मुदतीचा करार. पगार चांगला, पण विषय बहुधा प्राध्यापकांच्या प्रकल्पाला बांधलेला. अमेरिका नको; पाच-सहा वर्षं आईबाबांपासून इतकं लांब राहणं जमणार नाही.

म्युनिक, आखेन किंवा कार्ल्सरूहेला कुणी आहे का? एकही रिसर्च पेपर छापलेला नाही, फक्त कारखान्यातला अनुभव, तर प्राध्यापक मेलला उत्तर देतात का? आणि आयआयटीच्या मुलाखतीत लिनियर अल्जेब्रा जास्त विचारतात की कंट्रोल थिअरी (यंत्रणा नियंत्रित करण्याचं शास्त्र)? प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रोबोट कितपत वापरायला मिळतो, हेही सांगा. माझ्या दृष्टीने पगाराआधी तेच.